केसपेपरवरून गळालेलं कडं

रुग्ण: स्त्री, वय 46. व्यवसाय शिवणकाम, मशीन घरीच. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. आठवडी बाजारातून घेतलेला रेडिमेड चष्मा, नंबर माहीत नाही. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तक्रार: 'जवळचं दिसत नाही, 1 वर्ष.'

आमच्या ऑप्टोमेट्री (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं शास्त्र) महाविद्यालयाच्या दवाखान्यात सकाळी साडेअकराच्या सुमारास हा केसपेपर माझ्यासमोर आला, तेव्हा त्यावर एवढंच होतं. चाळिशी लागलेली बाई, चष्म्याचा नंबर निघाला, आता बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागचा पडदा तपासायचा आणि घरी पाठवायचं. अशा केसपेपरांवर शिक्षिका म्हणून मी दिवसातून पंधरा-वीस सह्या करते. यावरही केली.

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवावं असं मला आणि त्या बाईंना तपासणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला, दोघींनाही वाटलं. रुग्णाने लिहायला होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आधी दवाखान्याची रीत सांगते, कारण चूक त्या रीतीतच होती. ऑप्टोमेट्रीची पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाची मुलं दाराजवळच्या टेबलावर नाव, तक्रार आणि लांबची-जवळची नजर नोंदवतात. तिसऱ्या वर्षाची मुलं रेटिनोस्कोपी करून, म्हणजे डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून, नंबर काढतात. इंटर्न तो नंबर पडताळतो, डोळ्यातला दाब मोजतो, चार ओळींत सारांश लिहितो. मग शिक्षक. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही उतरंड सोयीची आहे, प्रत्येक पायरीवर एक कौशल्य. रुग्णाच्या दृष्टीने मात्र तीच गोष्ट तीन अनोळखी तरुणांना तीनदा सांगायची, तीन वेळा हनुवटी टेकवायची आणि प्रत्येक वेळी बाकावर परत जाऊन बसायचं. आमच्याकडे तपासणीचे पैसे नाममात्र आहेत. पण त्या बाईंची ती सकाळ फुकट नव्हती. दोन ब्लाउज त्या दिवशी द्यायचे राहिले होते.

तीनदा सांगितलेली गोष्ट

त्या साडेनऊला आल्या, सोबत जाऊबाई. दारातल्या टेबलावर त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर त्यांच्याशी आणि तिन्ही मुलांशी बोलून जुळवलं. साधारण असं होतं: 'सुईत दोरा ओवला जात नाही. आणि संध्याकाळी शिवायला बसलं की कधी कधी बल्बभोवती रंगीत कडं दिसतं, इंद्रधनुष्यासारखं. मग भुवईच्या वर ठणकायला लागतं, उलटी होते. झोप लागली की सकाळी काही नाही.' जाऊबाईंनी जोड दिली, 'पित्त आहे तिला. गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली.'

दुसऱ्या वर्षाच्या मुलाने लिहिलं: 'जवळचं दिसत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळ. पित्ताचा त्रास.' कडं गेलं. त्याला वाटलं, हे काव्यात्म बोलणं आहे, तक्रार नव्हे. हे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने नंबराच्या कागदावर उतरवलं: 'जवळचं दिसत नाही, डोकेदुखी.' पित्त हा डोळ्याचा विषय नाही म्हणून उलटीही गेली. आणि चाळिशी लागलेली बाई योग्य नंबराच्या चष्म्याशिवाय शिवणकाम करते म्हटल्यावर डोकं दुखणारच, हे तिच्या पुस्तकातही होतं.

इंटर्नने सारांशात लिहिलं: 'जवळचं दिसत नाही, 1 वर्ष.' डोकेदुखीचं कारण नंबरात सापडलंच होतं, मग ती वेगळी कशाला लिहायची?

कुणीही खोटं लिहिलं नाही. प्रत्येकाने आपल्याला समजलं तेवढं ठेवलं आणि उरलेलं नीटनेटकं केलं. केसपेपर जसजसा वर सरकला, तसतसा तो स्वच्छ होत गेला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात वाचण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

नंबर बरोबर होता

त्या विद्यार्थिनीचं रेटिनोस्कोपीचं काम उत्तम झालं होतं. अंधाऱ्या खोलीत 67 सेंटीमीटरवरून तिने दोन्ही डोळ्यांतली प्रकाशाची पट्टी +4.00 वर थांबवली, अंतराचे 1.50 वजा केले आणि +2.50 लिहिलं. मी नंतर स्वतः पाहिलं, पाव नंबराचाही फरक नव्हता. चष्म्याशिवाय लांबची नजर 6/9, नंबर लावून 6/6. जवळ N18, जवळचा नंबर जोडल्यावर N6 (आकडा लहान तितकं बारीक अक्षर). टेबलावर आधी इंग्रजी वाचनाचं कार्ड होतं. बाई गप्प बसल्या, तेव्हा तिने न विचारता कपाटातून मराठीचं कार्ड आणलं. इतकी लक्ष देणारी मुलगी.

आमच्या मुलांच्या लॉगबुकात किती रेटिनोस्कोपी केल्या, किती नंबर काढले, किती पडदे पाहिले याचे आकडे भरावे लागतात. आकडे नकोत असं मी म्हणणार नाही. शंभर डोळे पाहिल्याशिवाय हाताला वळण पडत नाही. पण ऐकून घेतल्याचा रकाना कुठल्याच लॉगबुकात नाही, आणि ज्याचा रकाना नाही, ते कुणी शिकत नाही. त्या दिवशी तिला पडदा पाहण्याच्या नोंदीत तीन केस कमी पडत होत्या.

खरं तर +2.50 या आकड्यानेच तिला थांबवायला हवं होतं. जास्त प्लस नंबराचा डोळा बहुधा आखूड असतो. सर्वसाधारण डोळ्याची लांबी 23 ते 24 मिलिमीटर. या बाईंची नंतर मोजली तेव्हा 21.8 भरली. आखूड डोळ्यात पुढची जागा आधीच तोकडी, त्यात वय वाढेल तसं डोळ्यातलं भिंग जाड होत जातं. चाळिशी ओलांडलेली, स्त्री, आशियाई वंशाची, प्लस नंबराची: बंद कोनाच्या काचबिंदूचा (डोळ्यातलं पाणी निचरण्याचा कोन बंद होऊन दाब वाढतो आणि नस खराब होते) धोका कुणाला, हे शिकवताना आम्ही फळ्यावर नेमकं हेच लिहितो. त्या मुलीने परीक्षेत ते लिहून पूर्ण गुण घेतले होते. पण फळ्यावरचं ते वर्णन आणि समोर बसलेल्या काकू ही एकच गोष्ट आहे, हे कुणी तिला दाखवलं नव्हतं.

दाब हवेच्या झोताच्या मशीनवर 20 आणि 21 आला होता. 21 पर्यंत आम्ही सर्वसाधारण धरतो, म्हणून पुढे बरोबरची खूण.

थेंब टाकण्याआधीचा प्रश्न

बाहुली मोठी करायला आमच्याकडे ट्रॉपिकामाइड 0.8 टक्के आणि फिनाइलेफ्रिन 5 टक्के असं मिश्रण वापरतात. टाकण्यापूर्वी टॉर्चने किंवा स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) डोळ्याचा कोन पाहायचा, हा नियम. केसपेपरवर त्यासाठी एक चौकोन आहे. त्या दिवशी त्यात टिकमार्क होता. इंटर्नला वाटलं तिसऱ्या वर्षाच्या मुलीने पाहिलं असेल, तिला वाटलं इंटर्नने पाहिलं. खाली माझी सही होती.

विद्यार्थिनीने बाटली हातात घेऊन नेहमीचं वाक्य म्हटलं, 'काकू, हे औषध टाकल्यावर चार-पाच तास अंधूक दिसेल, उजेड टोचेल, घाबरू नका.'

बाईंनी विचारलं, 'म्हणजे संध्याकाळपर्यंत का गं? मग मला तो त्रास होईल का? तो अंधार पडायलाच लागला की होतो.'

'कुठला त्रास?'

आणि त्यांनी चौथ्यांदा सगळं सांगितलं, कड्यापासून.

तिने बाटलीला टोपण लावलं आणि माझ्याकडे आली. मागे सहा रुग्ण होते, इंटर्न घाई करत होता, केसपेपरवर शिक्षकाची सही होती. अशा वेळी विसाव्या वर्षी थांबणं सोपं नाही. मी तिला आजही सांगते की त्या दिवशीचं तिचं सर्वांत मोठं काम रेटिनोस्कोपी नव्हे, ते टोपण होतं.

मी टॉर्च कानाच्या बाजूने आडवी धरली. आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग, सपाट असेल तर उजेड नाकापर्यंत पोचतो. इथे नाकाकडची अर्धी बाजू सावलीत राहिली. स्लिट लॅम्पवर व्हॅन हेरिकची पद्धत केली. 1969 पासून वापरात असलेली ही तपासणी दोन मिनिटांचीही नाही: कडेला प्रकाशाची बारीक चीर पाडायची आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाच्या जाडीशी त्यामागच्या काळ्या फटीची तुलना करायची. इथे फट पाव जाडीपेक्षाही कमी होती. बाईंना लगेच नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोनिओस्कोपी केली, म्हणजे आरशाचं भिंग डोळ्याला लावून कोन थेट पाहिला. दोन्ही डोळ्यांत तीन चतुर्थांश भागात निचऱ्याची जाळी दिसतच नव्हती. उजव्या डोळ्यात एका ठिकाणी आयरिस जाळीला चिकटलेलीही होती. बाहुली मोठी न करता पाहिलेली डोळ्याची नस निरोगी दिसत होती, आणि पुढच्या आठवड्यातली फील्ड तपासणीही (नजरेचा परीघ पाहणारी) ठीक निघाली. म्हणजे अजून काचबिंदू झाला नव्हता. उंबरठ्यावर होता.

आता ते कडं. डोळ्यातलं पाणी आयरिसच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कोनातल्या जाळीतून बाहेर झिरपतं. जागा तोकडी असेल आणि बाहुली अर्धवट मोठी झाली, तर आयरिस भिंगाला टेकून बसते. मागे पाणी तुंबतं, आयरिस पुढे फुगते, कोन बंद होतो आणि दाब भराभर चढतो. पारदर्शक पटलात पाणी भरतं, त्यातून दिव्याचा उजेड फुटतो, म्हणून रंगीत कडं. पाठोपाठ ठणका, मळमळ, उलटी. संध्याकाळी एका बल्बखाली मान खाली घालून शिवत बसणं ही त्यासाठी अगदी नेमकी स्थिती. झोपेत बाहुली बारीक होते, वाट मोकळी होते, सकाळी दाब पुन्हा 20. म्हणून पित्ताची गोळी घेऊन झोपलं की 'गोळी लागू पडते'. आपल्याकडे पित्त आणि अर्धशिशी या दोन शब्दांखाली असे किती डोळे दबले असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

आणि थेंब? बाहुली पूर्ण मोठी असताना धोका तुलनेने कमी असतो. औषध उतरताना, बाहुली अर्ध्यावर आल्यावर तो वाढतो. तेव्हा त्या घरी पोचल्या असत्या. हल्ला झाला असता तर जाऊबाईंनी पित्ताची गोळी दिली असती. मोठा हल्ला काही तासांत उतरला नाही, तर नजर कायमची जाऊ शकते.

हे वाचून कुणी बाहुली मोठी करायला घाबरू नये. बहुतेक डोळ्यांत ती तपासणी सुरक्षित आहे आणि मधुमेही रुग्णाला तर ती चुकवून चालतच नाही. त्याआधी दोन मिनिटं कोन पाहायचा, इतकंच.

भोक आणि चष्मा

नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांना लेझर इरिडॉटॉमी सांगितली, म्हणजे याग लेझरने आयरिसच्या कडेला बारीक भोक, पाण्याला दुसरी वाट. अरुंद कोन दिसला की सरसकट लेझर करायचं का, यावर मतं बदलत आली आहेत. चीनमधल्या ग्वांगझू इथे 889 लोकांवर केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर नुसत्या संशयावर सगळ्यांना लेझर देण्याचा आग्रह कमी झाला. पण या बाईंना लक्षणं होती, कोन चिकटायला लागला होता आणि गाव तालुक्यापासूनही दूर. इथे वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

त्यांना हे समजावण्याचं काम मी विद्यार्थिनीवर सोपवलं. तिने 'पेरिफेरल', 'अँगल' असं सुरू केलं आणि दोन वाक्यांत अडखळली. मग म्हणाली, 'काकू, मोरीचं तोंड तुंबलं की पाणी घरात शिरतं ना? आपण भिंतीला बारीक भोक पाडणार, पाण्याला दुसरीकडून जायला.' बाईंनी विचारलं, 'डोळ्याला भोक? दिसेल का लोकांना?' नाही, वरच्या पापणीखाली झाकलेलं राहतं. 'दुखेल?' टोचल्यासारखं होईल, आणि आधीच्या, बाहुली बारीक करणाऱ्या पायलोकार्पिनच्या थेंबाने भुवई जड होईल. खरं ते सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, 'मग पित्ताच्या गोळ्या?' पोटासाठी लागत असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारा, यासाठी नकोत. सर्दीच्या किंवा गाडी लागण्याच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यांतल्या काहींनी बाहुली मोठी होते.

उजवा डोळा त्याच दुपारी झाला, डावा चार दिवसांनी. तासाभराने दाब मोजला, थोडे दिवस सूज उतरवायचे थेंब. दोन आठवड्यांनी कोन बराच उघडलेला दिसला, दाब 16 आणि 16. मग बाहुली मोठी करून पडदा पाहिला. तो त्याच मुलीने पाहिला, बाईंनीच तसं सांगितलं होतं. लेझर हा कायमचा निकाल नाही. पुढे भिंग आणखी जाड होईल, वर्षातून एकदा कोन आणि दाब पाहावाच लागेल.

चष्म्यावरून आमच्यात थोडा वाद झाला. विद्यार्थिनीने बायफोकल लिहिला होता: लांबचा +2.50, जवळची भर +1.50. पुस्तकाप्रमाणे बरोबर. मी तिला म्हटलं, काकू कामाला बसतात कशा ते आधी बघ. बाईंनी पिशवीतून स्वतःची टेप काढली, स्टुलावर बसून मशीनच्या पायापर्यंतचं अंतर दाखवलं: अठरा इंच. सुई ओवताना बारा. म्हणजे 45 आणि 30 सेंटीमीटर. दोन्ही अंतरं +4.00 च्या एकाच साध्या काचेत बसत होती. लांबचं त्यांना बिनचष्म्याचं चालत होतं, बायफोकलमधून जिना उतरायची भीती वाटत होती, आणि पैसेही कमी लागत होते. त्यांनी शिवणकामापुरता एकच चष्मा मागितला. आम्ही तोच दिला. लांबचा नंबर पुढे लागेल हे सांगून, लिहून ठेवलं. मुलीला हे अर्धवट उपचार वाटले. मला वाटत नाही. जो चष्मा कपाटात पडून राहतो, तो कितीही अचूक असला तरी काय कामाचा?

दवाखान्यात काय बदललं

त्या आठवड्यात आम्ही तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून मुलांसमोर वाचल्या, कुणाचं नाव न घेता. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मी माझ्या सहीबद्दलही सांगितलं. टिकमार्क पाहून सही करणारी शिक्षिका मुलांना टिकमार्कच शिकवते.

आता केसपेपरच्या वरच्या तीन ओळी रुग्णाच्या शब्दांसाठी राखलेल्या आहेत, बोलले तसेच, बोलीभाषेत. 'डोळ्यापुढं चिलटं उडतात', 'पडदा आल्यागत होतं', 'डोळ्यात रेती हाय'. त्याचं तांत्रिक भाषांतर खाली, वेगळं. वरच्या ओळी पुढच्या कुणी खोडायच्या नाहीत. कोनाच्या चौकोनात टिकमार्क चालत नाही, फट किती दिसली ते लिहावं लागतं आणि पाहणाऱ्याचं नाव. थेंबांची बाटली शिक्षकाच्या टेबलावर.

सर्वांत जास्त फरक मात्र एका साध्या गोष्टीने पडला. विद्यार्थी आता शिक्षकाला केस सांगतो ती रुग्णाच्या समोर, मराठीत, आणि शेवटी रुग्णाला विचारतो, 'बरोबर सांगितलं ना? काही राहिलं का?' मुलांना सुरुवातीला हे फार अवघड गेलं, कारण रुग्ण चुका काढतात. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी इंटर्नला थांबवलं: 'डावा नव्हे बाळा, उजवा. तिसऱ्यांदा सांगतोय.'

सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलगा-मुलगी एक दिवस रुग्ण होऊन येते. बाकावर बसायचं, फोन काढायचा नाही, कोन पाहून झाल्यावर बाहुली मोठी करून घ्यायची आणि मित्राच्या सोबतीने एसटीने परत जायचं. तिकिटावरचे आकडे वाचता येत नाहीत तेव्हा 'थोडं अंधूक दिसेल' या वाक्याचा अर्थ कळतो.

जे सुधारलं नाही तेही नोंदवते. बाकावरचा वेळ कमी झालेला नाही. उलट प्रत्येक केसमागे सात-आठ मिनिटं वाढली. बाजाराच्या दिवशी अजूनही लोक कंटाळून निघून जातात. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

तीन महिन्यांनी

बाई आल्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. तीन महिन्यांत कडं एकदाही दिसलं नव्हतं. दाब 15 आणि 17. विद्यार्थिनीने सगळं लिहून झाल्यावर विचारलं, 'काकू, तुम्हाला बहिणी किती?' तीन. जवळच्या नात्यात हा धोका वाढतो, त्यांनाही तपासायला आणा, असं तिने सांगितलं.

पुढच्या महिन्यात दोघी आल्या. धाकटीचा कोन रुंद होता. थोरलीचा बाईंसारखाच अरुंद निघाला, त्यांची तपासणी आता नियमित चालू आहे. थोरलीच्या केसपेपरवर वरच्या तीन ओळींत त्या मुलीने लिहिलं आहे: 'मला काही त्रास नाही. बहिणीने पाठवलं. ती म्हणाली, तिथली पोरगी ऐकते.'